वाचलं असं समजावं

साडेतीनला पाच मिनिटं असताना माईंनी जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक ओल्या फडक्यानं पुसलं, त्यावर लांबट रजिस्टर ठेवलं, उजव्या हाताला पेन, डाव्या हाताला चष्म्याचं घर, आणि अध्यक्षांच्या खुर्चीसमोर पितळी घंटी. ही घंटी अण्णा शाळेतून निवृत्त होताना घेऊन आले होते. मागून आणली की न मागता, याची इतिवृत्तात नोंद नव्हती, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या माईंनी ते कधी विचारलंही नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदा पाहिलं. सहापर्यंत वेळ होता. सहापर्यंत हो की नाही ते कळवलं नाही तर खोली दुसऱ्या कुणाला जाणार होती.

दर रविवारी या घरात सभा भरायची, आणि भरायला लागून चव्वेचाळीस वर्षं झाली होती. अण्णांचा, म्हणजे माईंच्या यजमानांचा, असा सिद्धान्त होता की ज्या घरात मतदान होत नाही त्या घरातून नागरिक बाहेर पडत नाहीत, नुसती आज्ञाधारक माणसं बाहेर पडतात. ते भूमितीचे शिक्षक. त्यांना सिद्धान्त सुचायचे, आणि सुचलेला सिद्धान्त पडताळून बघायला घर हाताशीच असायचं. तरुणपणी एका भाषणापायी ते नऊ दिवस कोठडीत राहून आले होते. सांगता सांगता त्या नऊ दिवसांचे पुढे तीन आठवडे झाले, आणि तीन आठवड्यांच्या मानानं त्यांनी घराला एक लेखी घटना दिली. आठ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. बहुमतानं निर्णय. प्रत्येकाला बोलायचं पूर्ण स्वातंत्र्य, वेळ तीन मिनिटं.

थोरल्याला आठवं वर्ष लागून संपलं त्या आठवड्यात पहिली सभा झाली. वर्तमानपत्रवाले येऊन फोटो काढून गेले. हात वर केलेला, पुढचे दोन दात पडलेला मतदार. तो फोटो अजून दर्शनी खोलीत आहे. नीट पाहिलं तर फोटोच्या कडेला एक कोपर आणि एक पेन दिसतं. ते कोपर माईंचं. घटनेच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की सचिवानं निःपक्ष असावं, म्हणून सचिवाला मत नाही. सचिव कोण, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते सगळ्यांना माहीतच होतं.

माईंचं अक्षर चांगलं आणि हात वेगवान. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं त्यांनी नोकरी केली. कानाला यंत्र लावून बसायचं, दोन्ही बाजू जोडून द्यायच्या, दोन्हीकडचं ऐकू आलं तरी मध्ये बोलायचं नाही. अण्णा म्हणायचे, सचिवपदासाठी यापेक्षा चांगलं शिक्षण कुठलं?

बरोबर साडेतीनला थोरला जिन्यावरून खाली आला आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. अण्णा गेल्यापासून ती खुर्ची त्याची. वय बावन्न, आणि एका दैनिकात दर गुरुवारी 'मोकळा श्वास' हे सदर. माणसाला त्याच्या मनासारखं जगू द्या, सरकारनं त्याच्या खाण्यात, कपड्यांत, वाहनाच्या वेगात आणि मरण्यात नाक खुपसू नये, असं तो गेली बारा वर्षं लिहीत होता. म्हणजे सांगत होता. लिहायच्या माई. तो येरझाऱ्या घालत बोलायचा आणि माई टेबलाशी बसून उतरवून घ्यायच्या.

त्याच्यामागून त्याची बायको आली. ती दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याचा फोन दुपारी दोन ते पाच घरी वळवलेला असायचा, आणि तो कोण घ्यायचं हे सांगायची गरज नाही. मग दोन गल्ल्या पलीकडे राहणारी माईंची लेक अक्का आली, रुमालानं कपाळ पुसत. अक्का इस्पितळातल्या सफाई कामगारांच्या संघटनेची सरचिटणीस. तिचे मोर्चे आणि तिची जुळी मुलं यांच्या वेळा कधी जुळल्या नाहीत. मोर्चे तिनं सांभाळले आणि जुळी माईंनी. धाकटा चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आला. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'हे स्पष्ट दिसतंय की हे?' असं विचारणाऱ्या या माणसानं स्वतः मात्र कधी हे की ते सांगितलं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या इतिवृत्तात त्याच्या नावापुढे सतराशेहून अधिक वेळा 'तटस्थ' अशी नोंद होती. माईंनी एका उन्हाळ्यात मोजली होती. आणि सगळ्यात शेवटी आली नात, थोरल्याची मुलगी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली.

थोरल्यानं घंटी वाजवली.

"मागील सभेचं इतिवृत्त," माई चष्मा लावत म्हणाल्या. "दिनांक—"

"वाचलं असं समजावं," थोरला म्हणाला. "कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. कधीच नसायची. तेवीस वर्षांपूर्वी अक्काला गाडी गाठायची होती म्हणून एकदा वाचन वगळलं होतं, तेव्हापासून ते वगळलेलंच राहिलं.

"मी म्हणते, आज वाचावं," माई म्हणाल्या.

"माई, आज महत्त्वाचा विषय आहे. आण इकडे." त्यानं रजिस्टर ओढून घेतलं, पानाच्या तळाशी झोकात सही केली आणि परत सरकवलं. "कायम. आता विषय पहिला आणि एकमेव. माईंचं हे... हे जे काय चाललंय ते."

हे जे काय चाललंय ते बुधवारी उघडकीला आलं होतं. दुपारी माई दळणाला गेलेल्या असताना दवाखान्याचा फोन सुनेनंच उचलला, आणि पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज म्हणाला, "अकरा नंबरला सांगा, कडीला तेल घातलंय. आता एका बोटानं सरकते." सुनेला वाटलं, कुणाची तरी कवळी. मग एकेक उलगडत गेलं. एक्स्चेंजमध्ये बायका एकमेकींना बोर्डाच्या नंबरानंच हाक मारत; माई अकरा नंबर आणि ती चौदा नंबर. त्या चौदा नंबरचं बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर घर होतं, शेजारची खोली रिकामी झाली होती, आणि आपली चौऱ्याहत्तर वर्षांची सासू एक तारखेपासून तिथं एकटी राहायला निघाली होती.

"मी आधीच सांगतो," थोरला म्हणाला, "मी तत्त्वतः तुझ्या बाजूनं आहे."

माईंनी ते लिहून घेतलं.

"प्रौढ माणसाला स्वतःचा निर्णय घ्यायचा पूर्ण हक्क आहे. अगदी चुकीचा निर्णयसुद्धा. हे मी कितीदा लिहिलंय."

"बासष्टदा," माई मान वर न करता म्हणाल्या.

"पण निर्णय माहितीच्या आधारावर असेल तरच तो स्वतंत्र. नाहीतर ती नुसती लहर. तुला काय माहीत आहे त्या खोलीबद्दल? जिन्याला पायऱ्या किती आहेत?"

"सतरा. एका बाजूला कठडा आहे."

"बघा. एकाच बाजूला," सून म्हणाली. "माई, तुमच्या गुडघ्यांसाठी मी म्हणते हं. आणि दुपारी तुमचा वेळ कसा जाणार तिथं? इथं निदान फोन असतो."

"तीनच मिनिटं," घंटीवर बोट ठेवून थोरला म्हणाला, पण बायकोपुढे त्यानं ती वाजवली नाही.

अक्का इतका वेळ खुर्चीच्या पाठीला रेलून बसली होती. ती आता पुढं आली, आणि मालकांशी बोलणी करताना ती जसा आवाज खाली आणते तसा तिनं आणला. "माई, तू मला एवढंच सांग. हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?"

"कुणी नाही गं."

"असं तुला वाटतं. मी रोज बघते. बाया येऊन म्हणतात, आम्ही स्वखुशीनं जादा पाळी करतो. स्वखुशी वगैरे काही नसतं. परिस्थिती माणसाकडून निवड करून घेते आणि वर त्याच्याकडूनच म्हणवून घेते की ही माझी निवड. एकट्यानं सुटून जाणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. सगळ्यांनी मिळून मिळवायचं ते स्वातंत्र्य."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून त्या खोलीत राहायला जायचं?" धाकट्यानं मनापासून विचारलं.

"तू गप रे. तुला कळत नाही त्यात पडू नकोस."

"अक्काचं विश्लेषण मला मान्य नाही," थोरला म्हणाला, "पण निष्कर्ष मान्य आहे."

पेन थांबलं. माईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. थोरला आणि अक्का यांचं गेल्या अकरा वर्षांत एकाही विषयावर एकमत झालं नव्हतं. निवडणुका आल्या की हा या पक्षाचा झेंडा बाल्कनीत लावायचा आणि ती त्या पक्षाचा फाटकावर. मागच्याच रविवारी कुंपणाच्या भिंतीवर कुणाच्या उमेदवाराचा फलक लावायचा यावर पाऊण तास गेला होता. भिंत ही खाजगी मालमत्ता, असं त्याचं म्हणणं, आणि भिंत ही सामायिक, असं तिचं. आता दोघं एकमेकांकडे बघून मान हलवत होती. माईंनी बारीक अक्षरात लिहिलं: थोरले व अक्का यांचे एकमत. बाहेर एक रिक्षा थांबली आणि निघून गेली, तेवढा वेळ त्यांना बरं वाटलं. पोरं भांडायची थांबावीत म्हणून त्यांनी काय काय केलं होतं. हे एवढंच करायचं राहिलं होतं.

"मला बोलायचंय," नात म्हणाली. "आजीच्या बाजूनं. ही सगळी चर्चाच मुळात बेकायदेशीर आहे. प्रौढ व्यक्तीच्या स्वायत्ततेवर कुटुंबानं मतदान घेणं म्हणजे बहुमताची दंडेली आहे. उद्या तुम्ही मी कुणाशी लग्न करायचं यावर हात वर कराल."

"ते करावंच लागेल," तिची आई पुटपुटली.

"आजी, तू जा. मी तुझ्या पाठीशी आहे." तिनं माईंचा हात धरला. हातावर पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि बाहीला चुन्याचा डाग. माईंना तो डाग ओळखीचा वाटला. त्यांच्या खोलीतल्या खिडकीखालची भिंत हात लागला की असाच चुना सोडते.

"माझ्या खोलीचं माप घेतलंस का गं?" माईंनी हळूच विचारलं.

नात कानापर्यंत लाल झाली. "नुसतं बघितलं. टेबल बसतंय का ते. परीक्षा आहे ना माझी, आणि वर आई-बाबा सारखे..."

"बसतंय?"

"बसतंय. कपाट जरा सरकवावं लागेल."

माईंनी तिचा हात थोपटला. राग यायला हवा होता, पण आला नाही. तासाभरात या टेबलावर कुणीतरी आपल्याला काय हवंय ते पहिल्यांदा सरळ बोललं होतं.

"ठीक आहे," थोरला म्हणाला. "मोकळेपणानं बोलू. माई, कारण सांग. तुला इथं कमी काय आहे?"

पाच जणांचे डोळे त्यांच्याकडे वळले. सचिवाला सभेत बोलायला बंदी नव्हती, पण वापर नसल्यामुळे तो रस्ता गवतानं झाकून गेल्यासारखा झाला होता. माईंनी पेनाला टोपण लावलं.

"तिथं कडी आहे," त्या म्हणाल्या.

"कसली कडी?"

"दाराला. आतून."

कुणाला काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. ही पोरं कड्यांशिवायच वाढली होती. ज्या वर्षी घटना झाली त्याच वर्षी अण्णांनी एका सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरातल्या सगळ्या आतल्या दारांच्या कड्या काढल्या होत्या, न्हाणीघर तेवढं सोडून. मुक्त माणसांच्या घरात कड्या कशाला, लपवायचं काय आहे, असं ते म्हणाले. ठराव एकमतानं मंजूर झाला. मतदार दोन होते, अण्णा आणि थोरला. कड्या बिस्किटांच्या एका डब्यात भरून माळ्यावर गेल्या. अण्णांच्या स्वतःच्या खोलीच्या दारावर मात्र 'काम चालू आहे' अशी पाटी लटकायची, आणि ती पाटी कड्यांपेक्षा भक्कम होती. माईंना पाटी नव्हती. त्यांचं काम सगळीकडेच चालू असायचं. एक्स्चेंजमधून रात्रपाळी करून येऊन पडल्या की दार ढकलून कुणीतरी यायचंच: मोजा कुठंय, शाई कुठंय, माई झोपलीस का. लुगडं बदलताना पाठीनं दार दाबून उभं राहायची सवय त्यांना अजून होती. चौदा नंबरच्या शेजारच्या खोलीत त्यांनी गेल्या महिन्यात ती पितळी कडी तीनदा लावून पाहिली, तीनदा काढली, आणि चौथ्यांदा लावून खिडकीपाशी नुसत्या बसल्या. वीस मिनिटं. कुणी आलं नाही. खाली घड्याळवाला कुणाला तरी सांगत होता की तुमच्या घड्याळाला काही झालेलं नाही, फक्त ते कधी पुसलेलं नाही.

"माई," थोरला म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "या घरात तुला कधी कुणी कशाला अडवलंय का?"

"नाही रे. मला कुणी अडवलं नाही. पण माझ्या दाराशी कुणी थांबलंही नाही."

"एवढंच ना?" धाकटा उठलाच. "मग मी लावून देतो कडी. दुकानात स्क्रू आहेत. अर्ध्या तासाचं काम."

क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळले. माईंच्यासुद्धा मनात काहीतरी हललं. खरं सांगायचं तर तेव्हा त्या थांबल्याही असत्या. घर त्यांचं होतं, पोरं त्यांची होती, आणि सतरा पायऱ्या म्हणजे सतरा पायऱ्याच.

"थांब," थोरला म्हणाला. "असं परस्पर नाही करता येणार. कड्यांचा अण्णांचा ठराव आहे. तो आधी रद्द करावा लागेल."

"मग करू रद्द."

"करू. पण तत्त्व समजून घे. आज एका दाराला कडी लावली की उद्या प्रत्येक दाराला लागेल. अण्णांनी या घराला जो मोकळेपणा दिला..."

"आणि रात्री आत पडल्या-बिडल्या तर?" सून म्हणाली. "दार फोडायचं का आम्ही? माझा विरोध."

"एकीला कडी आणि बाकीच्यांना नाही, ही विषमता आहे," अक्का म्हणाली. "द्यायची तर सगळ्यांना द्या."

"मला हवीच आहे," नात म्हणाली.

"तुला तर मुळीच नाही," तिची आई म्हणाली.

कडीवर मतदान झालं. बाजूनं एक, विरुद्ध तीन, तटस्थ एक. धाकट्यानं हातातली स्क्रूची आठवण खिशात ठेवल्यासारखा हात खिशात घातला आणि खाली बसला. माईंनी आकडे लिहिले, आणि मनातलं जे हललं होतं ते पुन्हा जागच्या जागी गेलं. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मुख्य विषय," थोरला घंटी वाजवून म्हणाला. "माईंनी या घरातच राहावं, त्यांच्याच हितासाठी आणि स्वातंत्र्याच्या व्यापक अर्थाला धरून. बाजूनं?"

थोरला, सून, अक्का.

"विरुद्ध?"

नात.

"मी तटस्थ," धाकटा टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला.

"मंजूर. माई, लिही."

माईंनी लिहिलं नाही. त्यांनी रजिस्टरचं एक पान मागे उलटलं. "लिहायला एक अडचण आहे. मागच्या सभेत याच्या उलट नोंद झालीय."

"कुठली नोंद?"

"वाचू?"

आता नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. माईंनी चष्मा सारखा केला आणि फोनवर ट्रंक कॉलचा नंबर सांगायच्या त्याच एकसुरी, स्वच्छ आवाजात वाचायला सुरुवात केली. "आयत्या वेळचे विषय. सचिवांनी माहिती दिली की एक तारखेपासून त्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरील खोलीत स्वतंत्र राहण्यास जात आहेत. अध्यक्ष म्हणाले, बरं बरं, नोंद घे. सभेने नोंद घेतली. हरकत नाही. त्यानंतर कुंपणावरील फलकाची चर्चा पुढे चालू."

नातीनं हसू दाबायला तोंडावर हात घेतला.

"तू हे कधी बोललीस?" अक्का म्हणाली.

"तू म्हणत होतीस की भिंत सगळ्यांची आहे, तेव्हा. दोनदा बोलले. दुसऱ्यांदा उभी राहून."

"मी ऐकलंच नाही," थोरला म्हणाला.

"ते मी कसं लिहिणार? बरं बरं म्हणालास ते लिहिलं. आणि आत्ता साडेतीनला तू ते कायम केलंयस. सही आहे."

थोरल्यानं सहीकडे पाहिलं. सही झोकदार होती आणि तिच्याखाली दुहेरी रेघ होती. मागच्याच महिन्यात 'मोकळा श्वास'मध्ये त्यानं सांगितलं होतं, आणि माईंनी उतरवून घेतलं होतं, की मुक्त समाज दुसऱ्या कशावर नाही, माणसानं समजून-उमजून केलेल्या सहीवर उभा असतो.

"नववं कलम," नात घाईघाईनं म्हणाली. घरातली घटना तिला कॉलेजातल्या पुस्तकांपेक्षा चांगली पाठ होती. "एकदा कायम झालेला विषय वर्षभर पुन्हा घेता येत नाही. बाबा, हे अक्काआत्याच्या कुत्र्यामुळे आलं ना?"

कुत्र्यामुळेच. अक्कानं नवव्या वर्षी सलग चौदा रविवार कुत्रा पाळायचा ठराव मांडला होता आणि चौदा रविवार तो फेटाळला गेला होता. पंधराव्या रविवारी अण्णांनी नववं कलम आणलं. अक्का त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन, घरातली एकमेव कडी लावून, संध्याकाळपर्यंत रडली होती. माईंना ते आठवलं, आणि अक्काच्या चेहऱ्याकडे पाहून वाटलं, तिलाही आठवलंय.

पण सरचिटणीस सरचिटणीसच. "मग कलम बदलू," ती म्हणाली. "घटना माणसांसाठी असते. बदलायला काय लागतं?"

"एकाचा अपवाद सोडून सगळ्यांची संमती," थोरला म्हणाला. त्याचा रंग परत आला. "पाचातली चार मतं." त्यानं बोटं मोजली. तो, बायको, अक्का. मग सगळे धाकट्याकडे वळले.

धाकटा त्रेचाळीस वर्षांचा होता, पण असं सगळ्यांनी एकदम बघितलं की आठ वर्षांचा व्हायचा. पहिल्या मतदानाच्या दिवशी दादा आणि अक्का दोघांनी त्याचा एकेक हात धरून वर ओढला होता. तेव्हा तो पहिल्यांदा तटस्थ राहिला.

"तू विचार कर," अक्का गोड आवाजात म्हणाली. "तुझं लग्न नाही, कार्य नाही. दुकानात तुझा डबा कोण पाठवणार? संध्याकाळी घरी आलास की दार कोण उघडणार?"

"तुझ्याच भल्याचं आहे," थोरला म्हणाला.

माईंना एक्स्चेंजची सवय होती. दोन्हीकडचं ऐकू येत असतानाही मध्ये बोलायचं नाही. पण पेनाचं टोपण त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बोटाला वळ उठला. डब्याचं खरं होतं. या पोरावाचून त्यांना करमणार नव्हतं, आणि त्याला तर त्यांच्यावाचून मुळीच नाही. पाच जणांत सगळ्यांत जास्त गमावणारा तोच होता, आणि मत मागायला सगळे त्याच्याकडेच आले होते.

धाकट्यानं आपला चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि आईकडे असं पाहिलं जसं तो दिवसभर गिऱ्हाइकांकडे पाहतो, दिसतंय ना, असं विचारत.

"मी तटस्थ," तो म्हणाला.

"अरे, आज तरी भूमिका घे," थोरला वैतागून म्हणाला. "अण्णांच्या घरात जन्मलास. एकदा तरी आयुष्यात भूमिका घे."

"दादा, घेतली," धाकटा म्हणाला.

हिशोब लागायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. बाजूनं तीन. चार लागत होते. सुनेनं पुन्हा मोजून पाहिलं, जणू एखादा दात लपून राहिला असेल.

"ठीक आहे," थोरला म्हणाला. त्यानं घंटी उचलली, आणि अण्णा उचलायचे तशी छातीशी धरली. "कायदा म्हणजे कायदा. माझा विरोध कायम ठेवून, अध्यक्ष या नात्यानं, मी माईंना परवानगी देतो. लिही."

"परवानगी नाही लिहिता येत," माई म्हणाल्या.

"का?"

"मी मागितली नव्हती. 'माहिती दिली' असं आहे तिथं. सही तुझीच आहे." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन रजिस्टरवर आडवं ठेवलं. "आणि एक तारखेपासून सचिव कोण ते ठरवून टाका. मला फोन करायचाय."

"सचिव कोण म्हणजे?" सून म्हणाली.

"मी होणार नाही," अक्का लगेच म्हणाली. "सचिवाला मत नसतं."

"मलाही शक्य नाही. मी अध्यक्ष आहे."

"माझ्याकडे बघू नका," नात म्हणाली. "बाईनंच सचिव व्हायचं असं कुठं लिहिलंय?"

"मला चालेल," धाकटा म्हणाला, पण ते कुणी ऐकलं नाही.

माई उठल्या. गुडघे थोडे कुरकुरले. जिन्याखालच्या कोनाड्यात जुना फोन होता. त्यांनी नंबर फिरवला. सहाला दहा मिनिटं होती. पहिल्याच घंटीला पलीकडे उचलला गेला, तीस वर्षांच्या सवयीनं.

"अकरा नंबर," माई म्हणाल्या.

"बोल गं. मी फोनपाशीच बसलेय. झालं का? विचारलंस घरच्यांना?"

टेबलाकडून थोरल्याचा आवाज येत होता. सचिवपद ही व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर गदा आहे, असं तो म्हणत होता. अक्का म्हणत होती की ही सरळसरळ बिनपगारी वेठबिगारी आहे आणि ती या घरात कुणावरही लादता कामा नये. दोघांचं पुन्हा एकमत होत होतं. घंटी वाजत होती. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच यातलं एक अक्षरही कुणी लिहून घेत नव्हतं.

"सांगितलं," माई म्हणाल्या.